सूतभर कमी, अर्धा इंच जास्त

प्रिय वन्सं,

तुम्हाला गोष्टीचा शेवट आधी वाचायची खोड आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे. रहस्यकथेतसुद्धा तुम्ही खुनी कोण ते आधी बघून घेता आणि मग निवांत पहिल्या पानावर येता. या पत्राचं तसं करू नका, तुम्हाला माझी शपथ आहे. शेवटी मी तुम्हाला एक विचारणार आहे, आणि आपल्या दोघींच्या घराचं पुढे काय व्हायचं ते तुमच्या उत्तरावर आहे. तुम्ही नाही म्हणालात तर काही म्हणजे काही बदलणार नाही. गुडघा बरा झाला की तुम्ही परत याल, खाली दुकान, वर आपण दोघी, आजवर चाललं तसंच पुढे चालेल, आणि माझ्या तोंडून पुन्हा तो विषय निघणार नाही. हो म्हणालात तर घरात एक माणूस वाढेल. फोनवर हे बोलायची सोय नाही. एक तर तुम्ही मध्येच बोलता, मग मी गडबडते आणि दुधाचे भाव सांगत बसते. दुसरं म्हणजे धाकट्या भावोजींच्या घरी फोन आला की तो मोठ्या आवाजावर लावतात आणि सगळं घर भोवती कोंडाळं करून बसतं. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

मी पास झाले हे तुम्हाला कळलंच आहे. कशी झाले ते मात्र मी सांगितलं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. तुम्हीच नाही का माझ्या मागे लागलात? शिवणवर्गाच्या मुख्य बाई तुमच्या ओळखीच्या, त्यांना शिकवायला बाई हवी होती, पण नियम असा की दहावी झालेली पाहिजे. झालं, तुम्ही माझं नाव संध्याकाळच्या वर्गात घालून मोकळ्या झालात. आयुष्यभर मी कापड कापलं, अख्ख्या पेठेच्या बायकांचे ब्लाउज, फ्रॉक, स्कर्ट शिवले, आणि या वयात मला भूमितीच्या पुढ्यात नेऊन बसवलंत. लहानपणी त्याच भूमितीत नापास झाले होते म्हणून तर शाळा सुटली होती. बरं, मला बसवलंत ते बसवलंत आणि स्वतः गुडघ्याचं ऑपरेशन करून भावोजींकडे निघून गेलात! जिना चढायचा नाही म्हणे. मी इथे एकटी, समोर समद्विभुज त्रिकोण. तेव्हा तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते विचारू नका.

वर्ग भरायचा शाळेत, आणि बाकं होती मुलांची. त्यात मी बसले की बाक बसलं असं म्हणायची पाळी. सगळे पुढच्या बाकांवर जोडीजोडीने बसलेले, खिडकीजवळचं एक तेवढं अर्धं रिकामं, आणि उरलेल्या अर्ध्यात एक गृहस्थ गुडघे हनुवटीला लावून बसलेले. दोन्ही हातांच्या बोटांना चिकटपट्ट्या, अंगाला पुट्टीचा वास. खिडक्यांना काचा बसवायचा धंदा. नाक्यावर ते आरशाचं दुकान आहे ना, ज्यात तुम्ही जाता-येता केस सारखे करता, तेच यांचं. बोलायला तोंड नाही. मी नमस्कार केला तर मान हलवली, तीसुद्धा मोजून. मी पहिल्याच दिवशी पर्समधून शिवणाचा खडू काढला आणि बाकाच्या बरोबर मधून रेघ मारली, की बाबा, हे तुमचं आणि हे माझं. अहो, काचवाला त्या रेघेलासुद्धा चिकटला नाही, स्वतःच्या हद्दीत सूतभर आतच बसला. आणि माझं कोपर मात्र पहिल्या तासातच अर्धा इंच पलीकडे गेलं.

पहिलंच गणित क्षेत्रफळाचं. आयत, लांबी दहा, रुंदी सहा. यात काय आहे, असं तुम्ही म्हणाल. माझं उत्तर आलं सत्याहत्तर. का, तर मी चारी बाजूंनी अर्ध्याची माया धरली होती. शिवणीत दाबायला कापड नको का? कुठल्याही तुकड्याला माया न ठेवता मोजायचं हे माझ्या हातालाच माहीत नाही. मी अकरा गुणिले सात केलं, आणि केलं तेव्हा ते मला कळलंसुद्धा नाही. शेजारी डोकावून बघितलं तर काचवाल्याचं उत्तर सव्वाबावन्न! काच चौकटीएवढीच कापली तर ती आत बसत नाही, अडते आणि तडकते, म्हणून ते चारी बाजूंनी जराशी कमी कापतात. यांनी पुस्तकातला आयतसुद्धा तसाच कमी करून टाकला होता. सर आले. ते सर बारा महिने सर्दी झालेले, नाकातच बोलतात. त्यांनी माझी वही बघितली, काचवाल्याची बघितली, परत माझी बघितली, आणि रुमालात तोंड घालून बराच वेळ उभे राहिले. आम्हाला वाटलं शिंक येतेय. मग म्हणाले, की या वर्गात साठ हे उत्तर काढणारं कुणी आहे का. पुढच्या बाकावरची भाजीवाली ताडकन उठून साठ म्हणाली आणि आमच्याकडे अशी बघून बसली की काय सांगू.

मला राग आला तो काचवाल्याचा. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. मी चुकले ते चुकले, पण दुसरा माणूस माझ्या बरोबर उलट्या बाजूला चुकतो म्हणजे काय? सुटल्यावर रस्त्यात मी त्यांना चांगलं सुनावलं. म्हटलं, कमी करून कसं चालेल, कमी पडलं की संपलं, जास्तीचं आत दाबता येतं. त्यावर हे गृहस्थ नाक्यावर आपल्या दुकानाचं कुलूप काढता काढता म्हणाले, जास्त झालेली काच घरी परत न्यावी लागते. एवढंच म्हणून आत गेले. मी रस्त्यात उभी. तुम्हाला माहीत आहे, मला शेवटचा शब्द दुसऱ्याचा चालत नाही. मी घरी येऊन जेवताना भिंतीशी भांडले.

सममितीच्या धड्याला तर फारच गंमत झाली. सरांनी फळ्यावर माणूस काढला, हात पसरून उभा, आणि मला म्हणाले, याचा सममितीचा अक्ष काढा. मी म्हटलं, याला अक्ष नाही. सर म्हणाले, मधोमध काढा. मी म्हटलं, सर, मी इतकी वर्षं माणसं मोजतेय, दोन्ही खांदे सारखे असलेलं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. कुणाचा डावा उतरलेला, कुणाची उजवी कंबर बाहेर. घडी घालून दोन्ही बाजू एकदम कापल्या की दुसऱ्या दिवशी बाई दारात उभीच. आता हे बोलले त्याला पुरावा हवा, म्हणून मी तुमचा दिला. रागावू नका हं वन्सं. तुमचा डावा खांदा चांगला पाऊण बोट खाली आहे. तुमच्या प्रत्येक ब्लाउजला मी त्या बाजूला आतून पट्टी लावते, म्हणून तर तुम्हाला वाटतं की तुम्ही ताठ चालता. बँकेत सगळे तुमच्या चालीला वचकून असायचे ना, त्यात थोडी पट्टी माझी होती. सर्व वर्ग हसला, सरही नाकातून हसले, आणि काचवाला पहिल्यांदाच आपणहून बोलला. म्हणाला, आरशात बघणाऱ्या माणसांचंही तसंच असतं, प्रत्येक जण आपली चांगली बाजू आधी पुढे करतो. सरांनी शेवटी हात टेकले. परीक्षेत माणूस येणार नाही, फुलपाखरू येईल, त्याला अक्ष काढा, एवढं ऐका, असं त्यांनी अक्षरशः हात जोडून सांगितलं.

तर असे आमचे दिवस चालले होते. मी पेन्सिलीने आधी ठिपक्या-ठिपक्यांची रेघ मारायची, मग गडद करायची, मग खोडायची, परत मारायची. कच्ची शिवण घातल्याशिवाय मला पक्की सुचतच नाही. काचवाल्याचं उलट. काचेवर हिऱ्याची रेघ एकदाच मारायची असते, परत फिरवली की काच वाकडी फुटते. त्यामुळे हा माणूस पट्टी ठेवून बघत बसायचा, बघत बसायचा, माझे तीन त्रिकोण होऊन जायचे, आणि मग एकच रेघ मारायचा. पण काय रेघ असायची ती! खोडरबर त्यांच्याकडे नव्हताच. माझाच वापरा म्हटलं तर नको म्हणाले. समलंब चौकोन मला एका फटक्यात आला, कारण तो म्हणजे स्कर्टची कळी, वर अरुंद, खाली रुंद, त्याचं कापड काढणं माझ्या रोजचंच. तो मी त्यांना समजावला. वर्तुळ मला येईना, ते त्यांनी समजावलं, टेबलावरच्या गोल काचा कापून त्यांना वर्तुळ पाठ. एकदा चाचणीत दोन त्रिकोण एकरूप आहेत हे सिद्ध करा असं आलं, तर मी सरळ उत्तरपत्रिकेची घडी घातली, कात्री काढली आणि एक त्रिकोण कापून दुसऱ्यावर ठेवून दाखवला. सरांनी कात्री जप्त केली. परत आणायला काचवालेच गेले होते.

बघा, लिहिता लिहिता काचवाल्याचे काचवाले झाले. आता तसंच राहू दे.

आणखी एक सांगते, कारण तुमच्यापासून लपवून मला झोप लागायची नाही. परीक्षा जवळ आली तसे ते दुपारचे दुकान बंद करून आमच्याकडे अभ्यासाला यायला लागले. मी मशीनवर, ते समोर, आणि एकमेकांना गणितं घालायचो. एक दिवस आले आणि सरळ तुमच्या भावाच्या स्टुलावर बसले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? तुमचा भाऊ त्या स्टुलावर बसून मला पेपर वाचून दाखवायचा, अपघात गाळून, आणि मला कळायचं की इथे काहीतरी गाळलं. तो गेल्यापासून त्यावर कुणी बसलेलं नव्हतं, तुम्हीसुद्धा नाही. मी काचवाल्यांवर एकदम खेकसले, उठा तिथून. ते उठले. का म्हणून विचारलं नाही, तोंड पाडलं नाही, जमिनीवर कापडाच्या गठ्ठ्यावर बसले आणि पुढचं गणित वाचलं. मला मेलीला इतकं रडू आलं की समांतरभुज चौकोनाचं पानच ओलं झालं. त्याच्यासाठी रडले, की इतकी वर्षं त्या स्टुलाशी बोलत बसले म्हणून रडले, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मीच ते स्टूल पुढे ओढलं आणि म्हटलं, बसा. ते जरा कडेलाच बसले.

सरांनी शेवटच्या तासाला आम्हा दोघांना वेगळं बोलावून बजावलं होतं. बाई, तुम्ही कापड विसरा. काचवाले, तुम्ही काच विसरा. तेवढं केलंत तर दोघं पास. आता माणसाने एखादी गोष्ट विसरायची कशी? कापड विसर, कापड विसर असं म्हटलं की डोळ्यांपुढे ठाणंच्या ठाणं उलगडत होती. शेवटी मीच युक्ती काढली. समोर आकृती आली की हे कापड नाही, ही काच आहे, असं मनाला सांगायचं. काचेचा विचार केला की माया आपोआप सुटायची. मला माझी युक्ती इतकी पसंत पडली की मी ती कुणाला सांगितलीच नाही, काचवाल्यांनासुद्धा नाही. म्हटलं, पेपर झाल्यावर सांगू आणि जरा भाव खाऊ.

पेपराच्या दिवशी मी अशी हडबडले होते की दोन वेगवेगळ्या चपला घालून गेले. काचवाले माझ्या मागच्या बाकावर, त्यांचा नुसता खोकला ऐकू येत होता. फुलपाखरू आलं होतं, देवासारखं धावून आलं. मी मुकाट्याने मधोमध अक्ष काढला. समलंब चौकोनही आला. आणि मग आला तो शेवटचा मोठा प्रश्न. खाली आयत, वर अर्धवर्तुळ, एकूण क्षेत्रफळ काढा. मी बघितलं आणि मला खिडकीच दिसली हो! वरून गोल कमानीची खिडकी. काचवाले असल्या खिडकीबद्दल काय सांगायचे, कमानीत काच बसवताना हात कसा धरायचा, सगळं आठवलं. आणि मी अगदी प्रेमाने, चारी बाजूंनी, वरच्या गोलाईतूनसुद्धा, सूतभर कमी केलं. गणित असं घातलेलं होतं की सातने छान भाग जावा आणि तीनशे सत्तावन्न उत्तर यावं. माझं सातने काही जाईना. दशांशचिन्हापुढे आकडे निघाले ते थांबतच नाहीत. एखाद्या शहाण्या बाईला तिथेच शंका आली असती. मी म्हटलं, मोठा प्रश्न आहे, मोठंच उत्तर असणार, आणि पानभर भागाकार करत बसले.

बाहेर आलो. फाटकाशी सर उभे, रुमाल तयार. त्यांनी मला पहिल्यांदा शेवटचं उत्तर विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, म्हणाले, कमी कसं आलं? तुमचं जास्त यायचं नेहमी. मी म्हटलं, सर, खिडकी होती ना ती, मग काच चौकटीएवढी कशी कापणार? एवढ्यात काचवाले आले. त्यांना विचारलं. त्यांचं उत्तर जास्त आलेलं! सरांनी कपाळाला हात लावला. काचवाले खाली बघून म्हणाले, की त्यांना आकृती उलटी दिसली, तो खिसा होता. खाली गोल असलेला, फ्रॉकवर वरून शिवतात तसला खिसा. आणि खिशाला चारी बाजूंनी दुमडायला माया ठेवावीच लागते, नाहीतर दोरे सुटतात. असं त्यांनी सरांना माझ्याच शब्दांत समजावून सांगितलं. म्हणजे त्यांनीही काच विसरण्यासाठी तीच युक्ती केली होती, आणि त्यांनीही ती मला सांगितली नव्हती.

मला आधी जोरात हसू आलं. सरही हसले, शिंकले, आणि दोघांची पाठ थोपटून, पद्धत बरोबर असेल तर थोडे गुण मिळतात असं काहीबाही म्हणत निघून गेले. मग मी काचवाल्यांकडे बघितलं आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. वन्सं, अख्ख्या पेपरात मी एका माणसाच्या डोळ्यांनी बघत होते, आणि तो माणूस मागच्या बाकावर बसून माझ्या डोळ्यांनी बघत होता. कानशिलं अशी तापली की या वयात लाज वाटली. घरी येईपर्यंत आम्ही दोघं गप्प. मी गप्प म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या चपला वेगवेगळ्या आहेत हे त्यांनी सकाळीच बघितलं होतं, ते आपल्या दारात सांगितलं.

निकाल लागला, दोघंही काठावर पास. शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून या. मी पेढे वाटल्यासारखी सगळीकडे सांगत सुटले, आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी दप्तर घेऊन जिना उतरले, तेव्हा लक्षात आलं की आता वर्ग नाही. त्या पायरीवर मी किती वेळ बसले कोण जाणे. इकडे काचवाल्यांचं काय चाललं होतं बघा. एक दिवस हत्यारं घेऊन हजर, म्हणाले, तुमच्या दुकानाची काच बदलायला हवी. मी म्हटलं, तिला काय धाड भरलीय? ते म्हणाले, जुनी झाली. बदलली. नवी जुन्यासारखीच दिसते. मग मधल्या खिडकीची बदलली. मग न्हाणीघराची. काचा संपल्या तेव्हा सदरा शिवायला घेऊन आले. मी फक्त बायकांचे कपडे शिवते ही पाटी दारावर आहे, तीसुद्धा त्यांनीच मागच्या आठवड्यात काच पुसताना पुसली होती. मी सदरा शिवून दिला. बरा झाला नाही. तोच घालून फिरतात.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं. त्यांच्या रेघेसारखंच एकदा विचारलं आणि परत त्यावरून हात फिरवला नाही. लग्न करूया का, म्हणाले. मी म्हटलं, मी एकटी नाही, आम्ही दोघी आहोत, आणि वन्संना टाकून मी कुठेही येणार नाही. तर हा माणूस म्हणतो कसा, की मला त्यांच्या घरी न्यायचं नाहीच, तेच इथे राहायला येतील. फक्त वन्संचा जिन्याचा प्रश्न आहे, तो त्यांनी सोडवून आणलाय. खिशातून आलेखाचा कागद काढला. वन्सं, दुकानामागची आपली अडगळीची खोली त्यावर काढलेली, एका चौकोनाला एक फूट अशा मापाने. न्हाणीघराची काच बदलायला आले तेव्हा मोजून गेले होते. त्यात तुमचा पलंग, तुमचं कपाट, खिडकीजवळ तुमची खुर्ची. मी लगेच चूक काढली, दार आत उघडतं, ते पाव वर्तुळ खातं, तेवढी जागा मोकळी नको का? ते म्हणाले, काढा. आम्ही दोघांनी त्याच कागदाच्या दोन टोकांना ते पाव वर्तुळ काढलं. पाच चौरस फुटांना जरा कमी. दोघांचं एकच उत्तर आलं! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. दार सुखाने उघडतं, आणि तुम्हाला एकही पायरी चढावी लागत नाही. चिंध्यांचे गठ्ठे मी हलवायला घेतलेत, ते तुमचं उत्तर काहीही आलं तरी हलवणारच आहे. भावोजींच्या सोफ्यावर तुम्ही किती दिवस अवघडून झोपणार?

आता का लिहिलं ते सांगते. त्यांना मी अजून हो म्हटलेलं नाही. मला ते हवे आहेत, खोटं कशाला बोलू, फार हवे आहेत. तुमच्या भावाला मी विसरले नाही आणि विसरणारही नाही, हे काचवाल्यांना सांगितलं तर ते म्हणाले, विसरायला मी कुठे सांगितलंय. पण मला भीती दुसरीच आहे. तुमचा भाऊ गेला त्या दिवशी घरात भरलेली सगळी माणसं हिचं आता काय, ही जाणार कुठे, असं माझ्यादेखत बोलत होती, आणि तुम्ही कुणाशी एक शब्द न बोलता तुमची गादी उचलून माझ्या खोलीत आणून टाकलीत. तेव्हापासून मला माणूस म्हणजे तुम्ही. आणि तुमचं-माझं नातं काय, तर मी तुमच्या भावाची बायको. उद्या मी दुसऱ्या कुणाची बायको झाले तर ते नातं सरकारी हिशेबात संपलंच की. लग्न करू का, हे मी तुम्हाला विचारत नाही. ते मनात कधीच झालंय, तुम्ही अडवलंत तर मात्र मोडीन, आणि तुमच्यावर राग धरणार नाही. मला विचारायचंय ते एवढंच, की त्यानंतरही मी तुम्हाला वन्सं म्हटलं तर तुम्ही ओ द्याल ना?

तुमचीच,
वहिनी